शेवट मात्र अप्रतिम

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार घातला आहे असं समज. प्रत्यक्ष घातला असता, पण गेल्या महिन्यापासून कंबर धरली आहे आणि एकदा आडवा झालो की मला उठवायला दुपारच्या वेळी घरात कुणी नसतं. (पत्रात थोरल्या भावाला अहो-जाहो करावं म्हणतात. ते मला जमणार नाही. तुला 'आपण' म्हटलं की बँकेतल्या साहेबाकडे अर्ज करतोय असं वाटतं.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींनी आणलेलं तेल लावतोस, की बाटली कपाटावर ठेवून लांबूनच तिच्याकडे बघतोस? वहिनींचं ब्लडप्रेशर आता ताळ्यावर आलं असेल. माझं नाही आलं. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा आणि रागावू नका. मीठ कमी केलं आहे.

एवढं लांबलचक पत्र कशाला, फोन करायचा होता, असं तू म्हणशील. फोनवर मी रागावलो की तू 'बरं, ते जाऊ दे, जेवलास का' असं विचारतोस आणि माझा तापवून तापवून आणलेला राग जागच्या जागी विझतो. या वेळी मला तो विझवायचा नाही. या वेळी तो पूर्ण वापरायचा आहे.

सिनेमा थेटरात कधी लागणार हे तू विचारतोस, वहिनी विचारतात, आत्या विचारते, आत्याची शेजारीण विचारते आणि माझा न्हावी तर मान हातात धरून विचारतो. म्हणून एकदाचं सांगतो. सिनेमा बनवणारा आणि सिनेमा दाखवणारा या दोघांच्या मधे एक प्राणी बसलेला असतो, त्याला वितरक म्हणतात. त्याने हो म्हटल्याशिवाय थेटरवाला आपल्याला दारात उभं करत नाही. (मी एकदा परस्पर थेटरच्या मॅनेजरकडे गेलो होतो. त्याला वाटलं मी पंखा दुरुस्त करायला आलोय. सिनेमा आणलाय म्हटल्यावर बिचाऱ्याचा चेहराच उतरला. पंखा खरंच बंद होता.) तेव्हा हा प्राणी प्रसन्न व्हावा म्हणून गेलं वर्षभर मी जोडे झिजवतोय, आणि या प्राण्याविषयी आता माझं जे मत झालं आहे ते वहिनी हे पत्र वाचणार म्हणून लिहीत नाही.

सिनेमाची गोष्ट तुला वेगळी सांगायला नको, तुझ्यासमोरच घडली आहे. दोन भाऊ आहेत. वडील गेल्यावर त्यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान ते एका दिवसात रिकामं करतात. थोरला आयुष्यभर वडिलांच्या शेजारी त्या दुकानात बसलेला, धाकटा ऐन वेळी उठून सिनेमा करायला गेलेला. (योगायोग समज.) दिवसभर दोघं कामापुरतं बोलतात. ही पेटी तिकडे, ती फळी इकडे, बास. आणि शेवटच्या वीस मिनिटांत, सगळं सामान गेल्यावर, रिकाम्या दुकानात फरशीवर बसून जे इतकी वर्षं बोलले नाहीत ते बोलतात. त्या वीस मिनिटांसाठी मी अख्खा सिनेमा केला. हे जरा ध्यानात ठेव, कारण पुढचा सगळा तमाशा त्या वीस मिनिटांचाच आहे.

पहिला वितरक काचेच्या केबिनमधला. केबिन काचेची, त्यामुळे तो रिकामा बसलाय हे मला बाहेरून दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्याला आतून दिसत होतं. तरी मला अर्धा दिवस बाहेर बसवलं. आणि बसवलं कशावर, तर एका अशा सोफ्यावर की माणूस बसला की गुडघे हनुवटीला लागतात. त्या अवस्थेत कुणाचाही स्वाभिमान टिकत नाही, आणि तो सोफा त्याने त्यासाठीच घेतलाय अशी माझी खात्री आहे. शेवटी आत बोलावलं आणि म्हणाला, सिनेमात एक कुत्रं घाला. दोन माणसं दिवसभर सामान हलवतात, तर प्रेक्षकाने बघायचं कुणाकडे? कुत्र्याकडे. मी म्हटलं, साहेब, आमच्या दुकानात कुत्रं नव्हतं. तर म्हणे, म्हणूनच दुकान चाललं नसेल. (दादा, मी ऐकून घेतलं. दुकान तू चालवत होतास, आणि मी तिथे बसून ते ऐकून घेतलं. तेव्हापासून मीठ कमी आहे.) पण उठता उठता तो माझा हात हातात घेऊन म्हणाला, शेवट मात्र अप्रतिम. म्हणे, शेवटी मी हललोच. सिनेमा घेणार नाही हे त्याच्या पुढच्याच वाक्यात होतं, पण मी तरंगत घरी आलो. नकार घेऊन माणूस तरंगत घरी येतो असा हा एकच धंदा असेल.

दुसऱ्याकडे पांढरा गालिचा होता, म्हणून दारातच बूट काढायला लावले. माझ्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तासभर तो गृहस्थ माझ्याशी बोलला, पण माझ्या अंगठ्याकडे बघून बोलला. याला सिनेमा आवडला होता. दुकान आवडलं, शटरचा आवाज आवडला, धाकटा आवडला. (सगळ्यांना धाकटाच आवडतो, तू मनाला लावून घेऊ नकोस.) तक्रार एकाच गोष्टीची, शेवट जड झालाय. शेवटी दोघं जरा जास्तच बोलतात, निम्मं काढा, मग बघू. आता काय करणार? एकाला शेवट अप्रतिम वाटतो, दुसऱ्याला जड. पण दुसरा 'बघू' तरी म्हणाला होता. मी आणि माझा संकलक कामाला लागलो. हा संकलक म्हणजे सिनेमाचे तुकडे कापून जोडणारा माणूस, आणि काहीही सांगितलं की 'होईल, होईल' म्हणतो म्हणून आम्ही त्याला होईल-होईलच म्हणतो. त्याच्या त्या कोंदट खोलीत बसून आम्ही कित्येक दिवस तो शेवट कापत होतो. थोरल्याचं एकेक वाक्य काढताना माझ्या जिवाचं पाणी होत होतं. कंबर तिथल्याच खुर्चीने धरली.

शेवट कापून झाला, आता पाठवायचा, तेवढ्यात आमच्या हिने विचारलं की आधीची जी प्रत सगळ्यांना पाठवलीस ती उघडून बघितली होतीस का? ही औषधांच्या दुकानात काम करते. आलेली प्रत्येक पट्टी उलटून तारीख बघितल्याशिवाय फळीवर ठेवत नाही, आणि घरातही तोच खाक्या. मी म्हटलं, मी कशाला बघू, मीच केलाय तो! तिने प्रत लावली आणि भाजी निवडायला घेऊन समोर बसली. सिनेमा नीट चालू होता. शेवटची पेटी टेम्पोत चढते, टेम्पो जातो, दोघं भाऊ रिकाम्या दुकानात परत येतात, आणि पडदा काळा. मी म्हटलं, लाईट गेले. लाईट कुठे गेले होते? पंखा गरगर फिरत होता. पडदा काळा तो काळाच, आणि अधूनमधून नुसता आवाज, टूं. थोड्या वेळाने पुन्हा टूं. वीस मिनिटं काळोख आणि टूं.

होईल-होईलची ही पद्धत आहे. एखाद्या प्रसंगाचं काम बाकी असलं की तिथे तेवढ्या लांबीचा काळोख जोडून ठेवायचा आणि जागा चुकू नये म्हणून मधे मधे टूं टाकायचा. कामाची पद्धत म्हणून उत्तम आहे, माझं काही म्हणणं नाही. पण या शहाण्याच्या कॉम्प्युटरमध्ये 'शेवटची प्रत', 'शेवटची नवी प्रत', 'शेवटची खरी प्रत' आणि 'हीच शेवटची प्रत' अशा चार प्रती होत्या, आणि त्याने 'शेवटची खरी' पाठवली. मी फोन करून आकांडतांडव केलं. तो शांतपणे म्हणाला, होईल की, दुसरी पाठवू. मी फोन ठेवला, कारण आणखी बोललो असतो तर मला नवा संकलक शोधावा लागला असता, आणि याच्याइतका स्वस्तात कुणी येत नाही.

पण खरी तळपायाची आग मस्तकात गेली ती नंतर. भाजी निवडता निवडता ही म्हणाली, म्हणजे मग त्यांनी बघितलं काय? दादा, माझ्या डोक्यात उजेड पडला आणि त्याबरोबर डोकंच पेटलं. शेवट मात्र अप्रतिम! कुठला शेवट? टूं? शेवटी मी हललोच! झोपेत कूस बदलली असशील रे! आणि तो गालिचेवाला, शेवटी दोघं जरा जास्तच बोलतात म्हणे! कोण बोलतंय? काळोख बोलतोय? त्या माणसाच्या शब्दाखातर मी माझी सोन्यासारखी वाक्यं कापून टाकली, आणि त्याने त्यातलं एक अक्षर ऐकलेलं नव्हतं! मी घरात अशा फेऱ्या मारल्या की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन काही पडलंय का विचारून गेले.

तसाच उठलो आणि काचेच्या केबिनमध्ये घुसलो. (सोफ्यावर बसलो नाही. तेवढं शहाणपण आता आलंय.) मी गोड आवाज काढून म्हटलं, साहेब, तुम्हाला शेवट आवडला होता, त्यातलं नेमकं काय आवडलं? तो खुर्चीत मागे रेलला, डोळे मिटले आणि म्हणाला, ती खिडकी. दोघं भाऊ असे बसलेत आणि मधे ती खिडकी. मी म्हटलं, माझ्या सिनेमात खिडकी नाही. कुलुपांचं दुकान आहे, त्याला पुढून शटर आणि मागे भिंत. त्याने डोळे उघडले, पण पठ्ठ्या अजिबात गडबडला नाही. म्हणाला, तेच म्हणतोय मी, ते खिडकीचं नसणं! मी कोपरापासून हात जोडले आणि बाहेर पडताना ते काचेचं दार जोरात आपटून दाखवणार होतो, पण ते हळूहळू आपोआप मिटणारं निघालं. धड दार आपटायचंही सुख नाही.

आता तिसरा वितरक, म्हणजे एक बाई. यांचं ऑफिस टायरच्या दुकानावर आहे. जिन्यापासून रबराचा वास, खोलीला जाड काळे पडदे, बसायला लाकडी खुर्ची. मऊ खुर्चीत झोप लागते म्हणून त्यांनी मुद्दाम लाकडी ठेवली आहे. आलेला प्रत्येक सिनेमा या बाई पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बघतात. त्यांच्याकडेही तीच काळी प्रत गेली होती, आणि मी माफी मागायला म्हणूनच जिना चढलो होतो. मी तोंड उघडायच्या आत बाईंनी करार माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, इतक्या वर्षांत असं धाडस कुणी केलं नाही. ते दोघं आता बोलणार असं वाटतं आणि तुम्ही अंधार करता. त्या अंधारात मला आमचे वडील आठवले, हॉस्पिटलातलं ते यंत्र आठवलं, टूं, टूं. आम्ही तीन भावंडं पलंगाभोवती उभी होतो आणि कुणी कुणाशी बोललं नव्हतं. एवढं म्हणून बाईंनी चष्मा पुसला. दादा, मला त्या क्षणी बाईंचा जेवढा राग आला तेवढा काचवाल्याचाही आला नव्हता. वर्षभरात एका माणसाने माझा सिनेमा शेवटपर्यंत बघितला, मनापासून बघितला, रडून बघितला, आणि रडायचं कुठे, तर जिथे मी काहीच केलेलं नाही तिथे!

गप्प बसून सही करणं शहाणपणाचं होतं. पण आपल्या घराण्यात शहाणपणाचं कुणी कधी केलंय? मी खरं काय ते सांगून टाकलं. बाई आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, पाठवा तुमचा खरा शेवट. मी न कापलेला, अख्खा शेवट पाठवला. त्यांनी लाकडी खुर्चीवर बसून तो पूर्ण बघितला आणि मला बोलावून तोंडावर सांगितलं की शेवट चांगला आहे, काम चांगलं आहे, पण अंधार जास्त खरा होता. का? तर त्यात एक वाक्य खोटं आहे. शटर ओढायच्या आधी थोरला धाकट्याला म्हणतो, 'तू गेलास ते बरं केलंस. मला तुझा राग नव्हता.' बाई म्हणाल्या, असं कुठलाही थोरला भाऊ बोलत नाही, मी दोन थोरल्या भावांची बहीण आहे. मी हुज्जत घातली. आवाज चढवला. टेबलावर हातसुद्धा आपटला आणि त्यांचा पेनांचा डबा उलटा झाला. बाईंनी पेनं गोळा करत एवढंच विचारलं, तुमचा थोरला भाऊ म्हणाला होता का असं? मी चहा पिऊन खाली आलो.

तर सध्याची परिस्थिती ही आहे. बाई सिनेमा घ्यायला तयार आहेत, चांगल्या थेटरांत लावायला तयार आहेत, पण अंधारासकट. खरा शेवट लावायचा असेल तर दुसरं दार बघा म्हणतात. दुसरी दारं मी बघितली आहेत, एकाला काच आहे आणि एकात बूट काढावे लागतात. या लोकांना झालंय तरी काय? ज्याला दृष्टी आहे तो बघत नाही आणि जी बघते तिला काळोख आवडतो! माझा शेवट मी कुणालाही काढू देणार नाही. बाईंना सणसणीत नकार लिहून ठेवला आहे, त्यात 'कलेची विटंबना' हे शब्द दोनदा आलेत. सिनेमा घरात पडून राहिला तरी बेहत्तर, मी माघार घेणार नाही, हे तू आत्यालाही सांगून ठेव आणि आत्याच्या शेजारणीलाही.

वहिनींना नमस्कार, पुतणीच्या पाठीत एक प्रेमाचा धपाटा. गुडघ्याला तेल लाव.

तुझा, चिडलेला आणि चिडलेलाच राहू इच्छिणारा,
धाकटा

ता. क. नकार लिहून ठेवला आहे असं वर म्हटलंय. पाठवलेला नाही. करारही टेबलाच्या खणात आहे आणि त्यावर बाईंनी पेन्सिलीने जिथे सही करायची तिथे फुली मारून ठेवली आहे. ही म्हणते, फुली बघायला दिवसातून किती वेळा खण उघडतोस ते मला माहीत आहे.

आणखी एक ता. क. हे लिहू की नको असं पहिल्या ओळीपासून चाललंय, आता लिहितोच. ती काळी प्रत मी तुलाही पाठवली होती. आणि तू मला मुद्दाम फोन करून म्हणाला होतास की शेवट बघून डोळ्यांत पाणी आलं. मागून वहिनीही म्हणाल्या, हो हो, फार रडले हे. मी ते हिला सांगितलं, होईल-होईलला सांगितलं, त्या काचवाल्यालासुद्धा अभिमानाने सांगितलं की माझा थोरला भाऊ रडला. दादा, काचवाल्याला आणि गालिचेवाल्याला मी इतक्या शिव्या घातल्या की तुझ्यासाठी एकही शिल्लक राहिली नाही. त्यांचं मला काही वाटत नाही. ते माझे कोण? तुझं फार वाटलं. म्हणून तर फोन केला नाही. केला असता तर तू 'जेवलास का' विचारलं असतंस आणि मी 'हो' म्हणून ठेवून दिला असता.

शेवटचा ता. क. सोबत खरा शेवट पाठवतोय, फक्त वीस मिनिटांचा. पुतणीला लावून द्यायला सांग. त्या दिवशी दुकानात तू मला प्रत्यक्षात एवढंच म्हणाला होतास की पेटी जरा वर धर, शटरला लागेल. बाकीचं सगळं मी लिहिलं. कारण ते तू कधीतरी म्हणशील म्हणून मी वाट बघत होतो आणि तू म्हणाला नाहीस, तेव्हा एका नटाला पैसे देऊन म्हणवून घेतलं. तर बघ आणि सांग, ते वाक्य तुझ्या मनात कधी आलं होतं का? आलं असेल तर बाईंचा करार फाडतो आणि पुन्हा त्या सोफ्यावर जाऊन बसतो. आलं नसेल तर तसंही सांग, माझी काही तक्रार नाही, बाईंचं बरोबर आहे म्हणून मी फुलीवर सही करतो आणि अंधार ठेवतो. दोन्हींतलं काहीही चालेल. फक्त या वेळी बघून सांग.